ज्यू शाळेत अकरावी-बारावी : अर्ज भरण्याआधी

केंटन, किंग्जबरी, हॅरो, एजवेअर या वायव्य लंडनच्या पट्ट्यात आता मराठी घरं बरीच आहेत. मूल इयर इलेव्हनला गेलं, म्हणजे आपल्या हिशेबानं दहावीचं वर्ष सुरू झालं, की दिवाळीच्या फराळाला जमलेल्या आईबाबांत एकच विषय रंगतो : पुढची दोन वर्षं कुठे? याच पट्ट्यात नावाजलेल्या ज्यू शाळा आहेत. जेएफएस तर केंटनमध्येच आहे, कित्येकांच्या घरापासून बसनं जाण्याइतकी जवळ. तिचं नाव निघालं की मात्र कुणीतरी हात झटकतं : ‘ती त्यांची शाळा, आपल्या मुलांना कशाला घेतील?’

हा समज निम्मा खरा आहे. अकरा वर्षांच्या मुलांना इयर सेव्हनमध्ये घेताना या शाळांत धर्माचा निकष फार जड असतो, कारण अर्ज जागांपेक्षा जास्त येतात. सोळाव्या वर्षी, सिक्स्थ फॉर्मच्या, म्हणजे शेवटच्या दोन वर्षांच्या, दारात पारडं बदलतं. तिथे आधी गुण बघितले जातात. गुण बसले आणि जागा शिल्लक असली, तर सरकारी पैशावर चालणाऱ्या ज्यू शाळेला केवळ मूल ज्यू नाही म्हणून नकार देता येत नाही. इंग्लंडची शाळाप्रवेश संहिता हे स्पष्ट सांगते. जागांपेक्षा पात्र अर्ज जास्त झाले तरच धर्माचा प्राधान्यक्रम लागू होतो.

ज्यू शाळेत इतरांची मुलं ही गोष्ट मराठी माणसाला खरं तर नवी वाटू नये. हाइम सॅम्युएल केहिमकरांनी 1875 मध्ये मुंबईत बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाच्या, मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. समाज इस्रायलला गेला, वर्ग इतर मुलांनी भरले, शाळा चालू राहिली. लिव्हरपूलच्या किंग डेव्हिड हायस्कूलमध्येही आज ज्यू मुलं अल्पसंख्य आहेत.

पण सगळ्या ज्यू शाळा एकसारख्या समजू नका. इथे घाई केली तर मुलाची दोन वर्षं अवघडलेपणात जातात. जेएफएस 1732 मधली, ईस्ट एंडच्या गरीब ज्यू मुलांसाठी निघालेली. एके काळी स्पिटलफिल्ड्समध्ये तिथे चार हजारांवर मुलं शिकत. कादंबरीकार इस्रायल झँगविल तिथेच शिकले आणि तिथेच शिक्षक झाले. दुसऱ्या महायुद्धात इमारत गेली, 1958 मध्ये शाळा कॅम्डनला उभी राहिली आणि 2002 मध्ये केंटनला आली. ती ऑर्थोडॉक्स परंपरेतली, चीफ रॅबायचा धार्मिक अधिकार मानणारी आहे. पण मुलं मात्र सर्व प्रकारच्या घरांतून येतात. न्यू बार्नेटची जेकॉस 2010 मध्ये सुरू झाली. ऑर्थोडॉक्स, रिफॉर्म, लिबरल अशा सगळ्या पंथांना सामावून घ्यायचं म्हणूनच ती काढली. बोरहॅमवुडचं याव्हने कॉलेज आधुनिक ऑर्थोडॉक्स वळणाचं. हॅस्मोनियनच्या मुलांच्या आणि मुलींच्या शाळा वेगळ्या, आणि तिथलं वातावरण बरंच कर्मठ. पूर्वेला रेडब्रिजमध्ये किंग सॉलोमन आहे, तिथे ज्यू नसलेली मुलं मोठ्या संख्येनं शिकतात. बुशीचं इमॅन्युएल कॉलेज मात्र खासगी, फी घेणारं. त्या फीवर जानेवारी 2025 पासून 20 टक्के व्हॅटही लागतो, आणि सरकारी प्रवेश संहिता त्याला लागू नाही. तिथे प्रवेश परीक्षा आणि मुलाखत होऊ शकते. पुढे जे लिहिलं आहे ते मुख्यतः सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांबद्दल आहे.

आता गुण. जीसीएसईचे दर्जे 9 ते 1 असे उतरते असतात. 4 म्हणजे उत्तीर्ण, 5 म्हणजे चांगला उत्तीर्ण, आणि 7 म्हणजे जुन्या पद्धतीतला ए. सिक्स्थ फॉर्मची अट दोन थरांची असते आणि पालक बहुधा पहिलाच थर वाचतात. पहिला थर शाळेचा : साधारणपणे पाच किंवा अधिक विषयांत 4 वा 5 च्या वर, त्यात इंग्रजी आणि गणित हवंच. दुसरा थर विषयाचा, आणि खरी गाळणी तिथे होते. गणिताचं ए-लेव्हल घ्यायचं तर जीसीएसई गणितात बहुतेक ठिकाणी 7 मागतात, फर्दर मॅथ्सला 8. भौतिक, रसायन, जीवशास्त्राला 6 किंवा 7, आणि बरोबरीनं गणितातही बरा दर्जा. सायन्स तीन स्वतंत्र विषय म्हणून घेतलं नसेल आणि कम्बाइन्ड सायन्स असेल, तर निकाल 7-6 असा जोडीनं येतो. त्या जोडीवर कोणता विषय मिळतो हे प्रत्येक शाळेच्या पुस्तिकेत वेगळं असतं. अर्थशास्त्र, मानसशास्त्र हे विषय मुलानं आधी शिकलेले नसले तरी चालतात, पण मग त्याऐवजी गणिताचा आणि इंग्रजीचा दर्जा पाहतात. हे आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या शाळेचे आकडे तिच्या त्या वर्षीच्या प्रवेश धोरणात असतात, आणि ते दर वर्षी बदलू शकतात. मोठ्या भावाच्या वेळची पुस्तिका धाकटीसाठी वापरू नका.

बाहेरून येणाऱ्या मुलाला आणि शाळेतल्या मुलाला गुणांची अट एकच असावी लागते, हाही संहितेचा नियम. फरक इतकाच, की शाळेतल्या मुलाला रीतसर अर्ज करावा लागत नाही. गुण मिळाले की जागा त्याची. म्हणून बाहेरच्यांसाठी किती जागा जाहीर केल्या आहेत तो आकडा शोधा. धोरणात तो छापलेला असतोच. आतली बरीच मुलं सोडून गेली तर शाळा त्याहून जास्तही घेऊ शकते.

विषय निवडताना आपल्याकडे एक खोड आहे. घरात डॉक्टर-इंजिनिअरचा विचार आधीच पक्का असतो आणि मुलाच्या वाट्याला फॉर्म भरायचं तेवढं येतं. ए-लेव्हल हे आपल्या बारावीसारखं सहा विषयांचं नसतं. बहुतेक मुलं तीनच विषय घेतात आणि दोन वर्षांच्या शेवटी एकदम परीक्षा देतात. एक विषय नावडता निघाला तर विद्यापीठाच्या अर्जातला तिसरा हिस्सा डगमगतो. तेव्हा शाळेच्या ओपन ईव्हनिंगला मुलाला शिक्षकांशी स्वतः बोलू द्या, आणि तुम्ही बाजूला कॉफी प्या. हवा तो विषय त्या शाळेत आहे का हेही तिथेच कळतं. लहान सिक्स्थ फॉर्ममध्ये संगीत, भाषा, कॉम्प्युटर सायन्स यांचे वर्ग पुरेशी मुलं न मिळाल्यास रद्दही होतात.

अर्ज थेट शाळेकडे करायचा असतो. इयर सेव्हनला कौन्सिलमार्फत एकच फॉर्म भरून सहा शाळांचा क्रम लावला होता, तसं इथे नाही. त्यामुळे तीन-चार ठिकाणी अर्ज करायला काहीच हरकत नाही, आणि करावेतच. मुलाच्या सध्याच्या शाळेचा सिक्स्थ फॉर्म असेल तर ती जागा हातची ठेवून मग बाहेर बघा. ओपन ईव्हनिंग बहुधा शरद ऋतूत, अर्जाची मुदत हिवाळ्यात. तारखा शाळागणिक वेगळ्या. अर्जात अपेक्षित दर्जे विचारतात. ते सध्याच्या शाळेतून येतात, म्हणून मॉक परीक्षा हलक्यात घेऊ नका. मग वसंतात सशर्त जागा देऊ केल्याचं पत्र येतं. त्यातलं ‘सशर्त’ हे विशेषण वाचायचं असतं. ऑगस्टच्या उत्तरार्धातल्या गुरुवारी जीसीएसईचा निकाल लागतो आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शाळेत नाव पक्कं करायला जावं लागतं. त्या आठवड्यात पुण्याचं तिकीट काढू नका. निकाल अपेक्षेपेक्षा चांगला लागला तरी त्या दिवशी मुलानं तिथे असलेलं बरं, कारण रिकाम्या जागा तेव्हाच भरतात.

पत्रानंतर शाळा मुलाला भेटायला बोलावते. बरीच मुलं या भेटीला मुलाखत समजून घाबरतात. सरकारी शाळेला प्रवेशासाठी मुलाखत घ्यायला संहितेनं मनाईच केली आहे. ही भेट विषयांविषयी बोलण्यासाठी असते आणि तिच्यावरून जागा द्यायची की नाही हे ठरवता येत नाही. तसंच, प्रवेशाच्या वेळी देणगी किंवा वर्गणी मागता येत नाही. प्रवेशानंतर मात्र या शाळा पालकांकडे ऐच्छिक वर्गणी मागतात, कारण धार्मिक शिक्षणाचा खर्च सरकार देत नाही. ती खरोखर ऐच्छिक असते. परवडत असेल तर द्यावी, असं माझं मत. आपलं मूल त्या वर्गांत बसणार असतं.

भारतातून नुकत्याच आलेल्यांसाठी दोन शब्द जास्त, कारण इथे घोळ फार होतात. पहिला घोळ वयाचा. इयर ट्वेल्व्हला तीच मुलं बसतात ज्यांना 31 ऑगस्टपर्यंत सोळावं पूर्ण झालेलं असतं. महाराष्ट्रात दहावी झालेल्या काही मुलांना तेव्हा पंधराच पुरी झालेली असतात. अशा मुलाची जागा इथल्या हिशेबानं इयर इलेव्हनमध्ये, म्हणजे इतरांचा निम्मा जीसीएसई अभ्यासक्रम उरकलेला असताना. हे विमानात बसण्याआधी समजलेलं बरं. दुसरा घोळ टक्क्यांचा. एसएससीचे किंवा सीबीएसईचे 92 टक्के म्हणजे जीसीएसईचे कोणते दर्जे, याचं सरळ कोष्टक नाही. यूके एनिक या संस्थेकडून परदेशी परीक्षेच्या तुल्यतेचं पत्र मिळतं. ते काढून ठेवा आणि शाळेला आधी विचारा की त्यांना एवढं पुरेल की आणखी काही लागेल. इंग्रजी आणि गणिताची तुल्यता कागदावर नसेल, तर ते विषय सिक्स्थ फॉर्ममध्ये पुन्हा करायला लागू शकतात. तिसरी गोष्ट व्हिसाची. आईवडील वर्क व्हिसावर आणि मूल त्यांचं आश्रित म्हणून आलेलं असेल तर सरकारी शाळेचा मार्ग खुला असतो. मूल एकटं चाइल्ड स्टुडंट व्हिसावर येत असेल तर त्याला फी घेणाऱ्या खासगी शाळेतच जाता येतं. ‘मामाकडे राहील आणि सरकारी शाळेत जाईल’ हा बेत त्या व्हिसावर जमत नाही.

लंडनमध्ये बेने इस्रायल घरंही आहेत, त्यांच्यासाठी धर्माच्या प्रमाणपत्राविषयी. पूर्वी जेएफएसमध्ये आई ज्यू आहे का, आणि तिचं ज्यू असणं ऑर्थोडॉक्स नियमांत बसतं का, यावर प्राधान्य ठरे. एका मुलाच्या आईनं ऑर्थोडॉक्स नसलेल्या पंथातून धर्म स्वीकारला होता, म्हणून त्याला जागा नाकारली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 16 डिसेंबर 2009 रोजी नऊ न्यायाधीशांपैकी पाच जणांनी निकाल दिला, की आईच्या वंशावरून निवड करणं हा थेट वांशिक भेदभाव आहे. धर्मावरून निवड करायला धार्मिक शाळेला सवलत आहे, वंशावरून नाही. तेव्हापासून शाळा जन्म विचारत नाहीत, आचरण विचारतात : सिनेगॉगला हजेरी, ज्यू शिक्षण, समाजासाठी केलेलं काम. सर्टिफिकेट ऑफ रिलिजियस प्रॅक्टिस या नावाच्या फॉर्मवर हे गुणांत मोजलं जातं आणि सिनेगॉगकडून त्याची खात्री केली जाते.

बेने इस्रायलांच्या दृष्टीनं हा बदल मोठा. इस्रायलमध्ये 1962 मध्ये त्यांच्या वंशशुद्धीची चौकशी करा असा आदेश निघाला होता. त्याविरुद्ध लोक रस्त्यावर आले, आणि 1964 मध्ये तिथल्या संसदेनं, क्नेसेटनं, ते सर्वार्थानं ज्यू असल्याचा ठराव केला. इथल्या शाळेच्या फॉर्मवर आता आजी रेवदंड्याची की नागावची हा प्रश्नच येत नाही. मात्र हजेरी ठरावीक महिन्यांतली लागते, आणि शब्बाथला लिहिणं वर्ज्य असल्यामुळे ती सही करून नोंदवता येत नाही. तुमच्या सिनेगॉगनं नोंदीची काय पद्धत ठेवली आहे ते सुरुवातीलाच विचारून घ्या. आणि ज्या शाळेत अर्ज करताय तिला सिक्स्थ फॉर्मसाठी हे प्रमाणपत्र लागतं का, हेही बघा. ते नसलं तर अर्ज बाद होत नाही, फक्त रांगेत मागे जातो.

ज्यू नसलेल्या घरांनी प्रमाणपत्राची काळजी सोडावी आणि रोजच्या दिवसाची करावी. शाळेत ज्यू स्टडीजचे तास असतात आणि सिक्स्थ फॉर्मलाही ते चुकत नाहीत. परीक्षा नसते, पण बसावं लागतं. विद्यार्थ्यांना प्रार्थनेतून आणि पालकांना मुलाला धर्मशिक्षणातून वगळून घेण्याचा हक्क कायद्यानं आहे. पण तो पहिल्याच दिवशी वापरायचा विचार असेल, तर शाळा निवडतानाच दुसरी निवडावी. इतर धर्माच्या मुलांनी डोक्यावर किप्पा घालायचा का, याचं उत्तर प्रत्येक शाळा वेगळं देते. ओपन ईव्हनिंगला बेधडक विचारा, कुणी रागावत नाही.

डब्याचा प्रश्न आपल्याकडे सगळ्यांत आधी येतो, म्हणून सविस्तर. शाळा कोशर असते. मांस आणि दूध एकत्र चालत नाही, डुक्कर आणि कोळंबी-खेकडे मुळातच नाहीत. ‘आमचा डबा शाकाहारी आहे, मग काय अडचण?’ हा प्रश्न रास्त, पण उत्तर शाळेवर अवलंबून. काही ठिकाणी शाकाहारी डबा चालतो. काही ठिकाणी कोशर शिक्का असलेलेच पदार्थ लागतात, कारण साधं चीजही त्यातल्या प्राणिजन्य रेनेटमुळे शाकाहारी नसू शकतं. डबा वाटून खाण्याची आपली सवय तिथे आवरावी लागते : मैत्रिणीनं प्रेमानं दिलेली चकली दुसरीला तिच्या नियमानं खाता येत नाही, आणि त्यात अपमान काही नसतो.

वेळापत्रकही वेगळं. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ सुरू होतो. डिसेंबरात लंडनचा सूर्य चारच्या आधी मावळतो, म्हणून हिवाळ्यात शुक्रवारी शाळा लवकर सुटते. शनिवारी शाळेचं काहीही नसतं, नाटक नाही, सामना नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रोश हशाना, योम किप्पुर, सुक्कोत अशा सुट्ट्या ओळीनं येतात आणि आठवडे तुटतात. बारावीच्या मुलांनी याचा हिशेब ठेवायला हवा, कारण ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वैद्यकीयच्या अर्जाची मुदत 15 ऑक्टोबर असते. शाळा बंद असताना शिक्षकांकडून अर्जातलं निवेदन (पर्सनल स्टेटमेंट) तपासून घेता येत नाही. ते जुलैतच लिहायला घ्यावं. मे-जूनमध्ये शावुओत परीक्षांच्या काळात येतो, तेव्हा ज्यू मुलांचे पेपर वेगळ्या वेळी घेण्याची सोय केली जाते. आपल्या दिवाळीची रजा मात्र पत्र देऊन मागावी लागते. धार्मिक सणाची एखाद्या दिवसाची रजा शाळा देऊ शकते. फाटकावर पहारा असतो आणि ओळखपत्राशिवाय आत सोडत नाहीत. दंगा नसतो, पण नव्या मुलाला पहिले काही दिवस ते दडपून टाकतं. घरी आधी बोलून ठेवा.

पैशाच्या बाजूनं थोडक्यात : मूल पूर्णवेळ शिकत असेल तर सोळा वर्षांनंतरही चाइल्ड बेनिफिट चालू राहतो, पण ते शिकतंय हे कळवावं लागतं. लंडनच्या मुलांना 16+ झिप ऑयस्टर कार्डावर बस फुकट. कमी उत्पन्नाच्या घरांसाठी शाळेकडे 16 ते 19 बर्सरी निधी असतो. मागायला लाजू नये.

नकार आला तर अपील करता येतं, आणि सिक्स्थ फॉर्मच्या बाबतीत पालकांना आणि मुलाला स्वतंत्रपणे हा हक्क आहे. सुनावणी स्वतंत्र समितीपुढे होते. निकालावर अवलंबून असलेल्या जागेसाठी ती निकालानंतर शाळेच्या 30 दिवसांत व्हायला हवी. मात्र गुण अटीपेक्षा कमी असतील तर समिती मुलाची हुशारी नव्यानं जोखत नाही. शाळेनं अट नीट लावली की नाही, एवढंच ती बघते. ‘त्या दिवशी बरं नव्हतं’ हे तिथे सहसा चालत नाही. जागा नाहीत म्हणून नकार आला असेल तर अपिलात दम असतो : हा विशिष्ट विषयांचा संच जवळच्या दुसऱ्या शाळेत मिळत नाही, असं कागदोपत्री दाखवता आलं तर.

निव्वळ निकालाच्या क्रमवारीत नाव वर दिसलं म्हणून या शाळांत अर्ज करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या मुलाला दुसऱ्याचा धर्म रोज जवळून बघायला आवडेल, शुक्रवारी दुपारी वर्गमित्र ‘शब्बाथ शालोम’ म्हणाला तर जो ओशाळणार नाही, त्यानं जरूर करावा. इयर इलेव्हनचं वर्ष सुरू होताच शाळेच्या संकेतस्थळावरून येत्या वर्षाचं प्रवेश धोरण उतरवून घ्या, त्यातल्या तीन गोष्टींवर खूण करा : बाहेरच्यांसाठी जागा किती, विषयांचे दर्जे कोणते, आणि शेवटची तारीख कोणती. मुदतीनंतर आलेला अर्ज वेळेत आलेल्या सगळ्या अर्जांच्या मागे जातो, मग मुलाचे गुण कितीही चांगले असोत.